प्रशिक्षण संपल्यावर वर्गात कोण येतं?

पाटीवरची रेघ

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहिते आहे, सांभाळून घ्या.

मी ११ वर्षं प्राथमिक वर्गांना शिकवलं आणि गेली ९ वर्षं शिक्षकांची प्रशिक्षणं घेते. पुढच्या सत्रासाठी ९० शिक्षकांच्या ५ दिवसांच्या प्रशिक्षणाचा आराखडा माझ्याकडे आला आहे. विषय पहिली ते तिसरीचं वाचन आणि गणित. एरवी असा आराखडा एका संध्याकाळी लिहून होतो. पण मागच्या महिन्यात एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून हात चालत नाहीये.

आमच्या आधीच्या प्रशिक्षणातले एक सर. गटकार्यात सगळ्यांत पुढे, शेवटच्या दिवशी मनोगतही त्यांनीच मांडलं होतं. सहज म्हणून त्यांच्या वर्गात गेले आणि मागे बसले. हातच्याची वजाबाकी चालली होती. सरांनी फळ्यावर दोन उदाहरणं नीट सोडवली, ‘समजलं का?’ विचारलं, वर्ग ‘होऽऽ’ म्हणाला आणि सर पुढच्या उदाहरणाकडे वळले. माझ्या शेजारच्या मुलीच्या वहीत लिहिलं होतं: ५२ – २७ = ३५. सातातून दोन गेले, राहिले पाच. पाचातून दोन गेले, राहिले तीन. आकडा वर असो की खाली, ती मोठ्यातून लहान काढत होती. तिच्या पुढच्या दोन वह्यांतही ३५ च. तास संपेपर्यंत सर पहिल्या रांगेच्या मागे आले नाहीत.

मला सरांचा राग आला नाही. त्यांना ५ दिवस ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः घडवतं हा विचार, मीच ऐकवला होता. रांगांमधून फिरायचं कसं, वही बघायची कशी, चुकलेलं उत्तर मुलाकडून न घाबरवता काढून कसं घ्यायचं, हे आम्ही त्या ५ दिवसांत एकदाही करून पाहिलं नव्हतं.

तर प्रश्न असा. पैसा आणि वेळ ठरावीकच आहे असं धरा. गरीब, विकसनशील भागांत तो कुठे लावला तर मुलांच्या पदरात जास्त पडेल? नोकरीआधीच्या पदविकेत, सभागृहातल्या प्रशिक्षणांत, की वर्गात जाऊन शिक्षकाच्या सोबत राहणाऱ्या माणसात? उदाहरणं कुठल्याही देशातली चालतील. आकडे असतील तर तेही द्या, पण अनुभव आधी.

खडू

‘समजलं का?’ ला ‘नाही’ असं उत्तर मी २२ वर्षांत एकदाच ऐकलं. त्या मुलाचा मला आजही अभिमान वाटतो.

वर्गमूळ

रेघताई, तुमच्या प्रश्नाची जवळजवळ थेट चाचणी दक्षिण आफ्रिकेत झाली आहे. नॉर्थ वेस्ट प्रांत, २०१५ पासून, सेट्स्वाना भाषेतलं सुरुवातीचं वाचन. शाळा चिठ्ठ्या टाकून वाटल्या. एका गटाच्या शिक्षकांना बाहेर बोलावून प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या गटाला तेच पाठ, तेच साहित्य, पण मार्गदर्शक वर्गात येऊन शिकवणं बघणार आणि नंतर शिक्षकाशी बोलणार. दोन वर्षांनी पाहिलं तर पहिल्या गटातही सुधारणा होती, पण वर्गात माणूस गेला तिथल्या मुलांची वाचनातली सुधारणा साधारण दुप्पट होती.

आणि निव्वळ सभागृहाचं बघायचं तर चीन. तिथल्या राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाची मोठी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांच्या गुणांवर परिणाम काहीच नाही. कारणं वाचताना ओळखीची वाटतात: मजकूर फार तात्त्विक, आणि तोही पाठ म्हटल्यासारखा शिकवलेला.

मधली सुट्टी

सभागृह तरी बरं म्हणायचं. मी साखळीच्या तिसऱ्या पायरीवर असते. वर ५० जणांना शिकवायचं, त्यांनी ५०० ना, त्यांनी पुढे ५,००० ना. लहानपणी कानगोष्टींचा खेळ खेळलोय ना आपण, तेच.

एक उदाहरण देते. वरून निघालेली कृती अशी होती: मुलांना गोष्टीतलं चित्र दाखवा, पुढे काय होईल याचा अंदाज करायला सांगा, मग वाचा, मग अंदाज बरोबर आला का ते मुलांनाच तपासू द्या. माझ्यापर्यंत पोचली तेव्हा ‘चित्र दाखवा आणि वाचा’ एवढीच उरली होती. मूळ टिपण वर्षभराने हाती आलं तेव्हा मला कळलं की ज्यासाठी ती कृती होती तो भागच मध्ये गळला. त्या वर्षी मी कितीतरी शिक्षकांना तसंच शिकवून मोकळी झाले होते. आजही ते मनातून जात नाही.

सायंतारा

मधली सुट्टी, तुम्ही म्हणता ते युगांडात मोजलं गेलं आहे. लांगो भागात स्थानिक भाषेतून वाचन-लेखन शिकवायचा एक कार्यक्रम होता. पूर्ण खर्चाच्या रूपात मुलांची वाचनात फार मोठी झेप दिसली, अशा कार्यक्रमांत सहसा दिसत नाही एवढी. मग तोच स्वस्तात करून पाहिला: प्रशिक्षण साखळीने, सरकारी प्रशिक्षकांमार्फत, आणि काही साहित्य वगळून. वाचनातला फायदा बराच आटला, आणि लेखनाच्या काही भागांत तर मुलं कार्यक्रम नसलेल्या शाळांच्याही मागे पडली.

वगळलेल्या साहित्यात काय होतं माहीत आहे? पाट्या.

पाटीवरची रेघ

सायंतारा, हे वाचून थांबलेच मी. पाटी! ३० मुलांनी उत्तर लिहून पाटी वर धरली की ३० उत्तरं शिक्षकाला एका नजरेत दिसतात. त्या तिन्ही ३५ सरांना जागेवरून दिसली असती. वहीत चूक झाकून राहते, पाटीवर राहत नाही. आणि मुलालाही भीती कमी, बोटाने पुसलं की गेलं.

उंबरठा

सगळ्यांचं वाचलं. ‘वर्गात माणूस पाठवा’ म्हणणं सोपं आहे. तो माणूस ३१ वर्षं मी होतो. पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो.

माझ्याकडे ४० हून जास्त शाळा. प्रत्येक भेटीला भरायचे तक्ते: पटसंख्या, उपस्थिती, साहित्य वाटप, स्वच्छता. मी दारात दिसलो की वर्ग उभा राहायचा, शिक्षकही उभे राहायचे. पाठ बहुतेक वेळा आदल्या दिवशी बसवलेला असायचा. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत हात वर. मी शेऱ्यात ‘अध्यापन समाधानकारक’ लिहायचो आणि पुढच्या शाळेकडे निघायचो. ते समाधान कुणाचं होतं, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

एकदा माझी लिहायची वही घरी राहिली. त्या दिवशी एका बाईंच्या वर्गात नुसताच बसलो. तास संपल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, ‘सर, हा मुलगा वाचतो असं वाटतं, पण तो पाठ म्हणतोय.’ आम्ही दोघांनी त्याच्याजवळ बसून पाहिलं. पानावरचं चित्र हाताने झाकलं तर तो अडखळला. बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंडात पाचवी ओळ. मग अर्धा तास त्या एका मुलाबद्दल बोललो. एवढ्या वर्षांत इतकं कामाचं बोलणं कुणा शिक्षकाशी झालं नव्हतं, आणि ते वही नव्हती म्हणून झालं.

तेव्हा माझं म्हणणं असं, की ज्याच्या हातात शेरा आणि बदलीचा कागद आहे त्याला मार्गदर्शक म्हणून पाठवू नका. ती दोन माणसं वेगळी हवीत.

खडू

उंबरठा काका, वाकून नमस्कार. पण मग तपासणी बंदच करायची का? ग्रामीण भारतातल्या शाळांत अचानक भेटी देऊन जी पाहणी झाली त्यात २००३ मध्ये २६.३ टक्के आणि २०१० मध्ये २३.६ टक्के शिक्षक शाळेत नव्हते. शिक्षकच नसेल तर मार्गदर्शक कुणाच्या शेजारी बसणार?

उंबरठा

बंद नको. त्याच पाहणीत असंही दिसलं होतं की जिथे तपासणीच्या फेऱ्या जास्त, तिथे गैरहजेरी कमी. फक्त त्या आकड्यात मंजूर रजेवरचे आणि दुसऱ्या सरकारी कामाला धाडलेलेही धरलेले असतात, म्हणून सगळ्यांना दांडीबहाद्दर म्हणू नका. तपासणी करा, पण दुसऱ्या माणसाकडून, दुसऱ्या दिवशी.

वर्गमूळ

काकांच्या मुद्द्याला जोडून. ‘प्रथम’ संस्थेची मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवून शिकवायची पद्धत आहे. बिहार आणि उत्तराखंडमध्ये सरकारी शिक्षकांना तिचं प्रशिक्षण दिलं, साहित्य दिलं, पण नेहमीच्या शाळेच्या दिवसात शिक्षकांनी ती फारशी वापरलीच नाही. हरियाणात २०१२-१३ मध्ये मात्र वाचनात फरक दिसला. तिथे दोन गोष्टी वेगळ्या होत्या. दिवसातला एक तास त्यासाठी राखून ठेवला, आणि गट (तालुका) पातळीवरच्या पर्यवेक्षकांना आधी स्वतः १५-२० दिवस शाळेत मुलांना त्या पद्धतीने शिकवायला लावलं. मग ते शिक्षकांना मदत करायला गेले.

म्हणजे सांगणाऱ्याने आधी करून पाहायचं.

अर्धविराम

मला ही चर्चा एकाच अंगाला कलंडलेली वाटते. मी पदविकेच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवतो. एका वर्षी ४० जणांना सांगितलं, ‘३ ÷ १/२ साठी एक शाब्दिक उदाहरण तयार करा.’ बहुतेकांनी लिहिलं, तीन वस्तू दोघांत सारख्या वाटा. हे ३ ÷ २ झालं, उत्तर दीड. हवं होतं असं काहीतरी: ३ लिटर पाणी आहे, अर्ध्या लिटरच्या बाटल्या किती भरतील? उत्तर ६. उलटा करून गुणायचा नियम सगळ्यांना येत होता, अर्थ तिघाचौघांना.

हीच मुलं दोन वर्षांत शिक्षक होतात. त्यांच्या वर्गात कितीही प्रेमळ मार्गदर्शक येऊन बसला तरी तो अर्थ तासाभरात येणार आहे का? केनिया, टांझानिया, युगांडा, नायजेरिया, मोझांबिक, सेनेगल आणि टोगो या सात देशांतल्या शाळांच्या पाहणीत हेच पुढे आलं. जे शिकवायचं तेच मोठ्या संख्येने शिक्षकांना पक्कं येत नव्हतं. शिवाय मुलांना प्रत्यक्ष अध्यापन मिळत होतं दिवसाला २ तास ५० मिनिटं, ठरलेल्या वेळेच्या निम्म्याहून जरासं जास्त.

आणि युनेस्कोचा अंदाज असा की २०३० पर्यंत जगाला आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागतील, त्यातले दीड कोटी सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. ते सगळे पदविकेच्या दारातूनच आत येणार. ते दार मोडकं ठेवून आतली डागडुजी किती काळ करत बसणार? फिनलंडने १९७९ पासून शाळेतल्या शिक्षकाला पदव्युत्तर शिक्षण आवश्यक केलं. तिथले शिक्षक विश्वासाने वर्गात एकटे सोडले जातात ते त्यामुळे.

सायंतारा

अर्धविराम, ३ ÷ १/२ चं मला पटलं, आणि घरी विचारून पाहिलं तर आमच्याकडेही दोघं पडली. :)

फिनलंडचं मात्र पटत नाही. तिथे शिक्षक व्हायला रांग लागते आणि त्यातून निवडतात. जिथे जागा भरायलाच माणसं मिळत नाहीत तिथे पदवी लांबवली की वर्ग आणखी दोन वर्षं रिकामा राहील.

नवखी

पहिल्यांदाच लिहिते आहे. नोकरीचं तिसरं वर्ष. अर्धविराम सर, मी त्या ४० जणांमधलीच एक असू शकते, म्हणून लिहायचं धाडस केलं.

पदविकेत मी पाठटाचणं ढिगाने लिहिली. उद्दिष्टं, पूर्वज्ञान, प्रस्तावना, मूल्यमापन, लाल-निळ्या शाईत, समास आखून. सराव पाठ मात्र नेहमी तयार वर्गावर. मुलं आधीच वाचती होती. ज्याला एकही अक्षर येत नाही अशा मुलाला वाचतं कसं करायचं हे मी एकदाही पाहिलं नाही, केलं तर नाहीच. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात समोर अशी १७ मुलं होती.

शिवाय माझ्या खोलीत दुसरी आणि तिसरी एकत्र बसतात. दोन इयत्ता, दोन पुस्तकं, एक मी. एका बाजूला शिकवत असते तेव्हा दुसरी बाजू फळ्यावरचं उतरवून काढते. उतरवून काढणं म्हणजे शिकणं नव्हे हे मला कळतं, पण दुसरं काय करायचं ते कुणी सांगितलेलं नाही. आतापर्यंतच्या सगळ्या प्रशिक्षणांत एक वर्ग-एक इयत्ता हेच गृहीत होतं. माझ्या शाळेसारख्या शाळांसाठी वेगळं काही असतं का?

जुनी वाट

नवखी, असतं. आणि तुझ्यासारख्या खोल्यांपासूनच सुरू झालेलं असतं.

कोलंबियात १९७० च्या दशकाच्या मध्यात ‘एस्क्वेला नुएवा’ म्हणजे ‘नवी शाळा’ सुरू झाली, खेड्यांतल्या एक-दोन शिक्षकी शाळांसाठी. तिथल्या शिक्षणतज्ज्ञ विकी कोल्बर्ट यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. मुलांच्या हातात अशा पुस्तिका दिल्या की मूल लहान गटात बसून, आपल्या गतीने, सूचना वाचून पुढे जाईल. शिक्षक गटागटात फिरणार. एका गटाला शिकवताना दुसरा गट रिकामा बसत नाही, कारण त्याचं काम पुस्तिकेत आहे.

मला त्यातलं शिक्षकांचं प्रशिक्षण जास्त आवडतं. शिक्षक आधी अशी पद्धत चालू असलेली शाळा जाऊन बघतात. मग आसपासच्या शाळांतले शिक्षक ठरावीक काळाने एकत्र बसतात, कुणाच्या वर्गात काय अडलं ते मांडतात. या बैठकांना ते ‘मिक्रोसेंत्रो’ म्हणतात. वरून तज्ज्ञ यायची वाट बघत बसावं लागत नाही.

तुला उद्यापासून करता येईल असं एक: तिसरीतल्या वाचत्या मुलांच्या दोन-दोनच्या जोड्या कर, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने एक प्रश्न विचारायचा. १५ मिनिटं तुझे हात दुसरीसाठी मोकळे होतात.

रानवारा

मला वाटतं आपण एक साधी गोष्ट विसरतोय. शिक्षकाच्या हातात चांगली मार्गदर्शिका द्या. आज कोणता पाठ, कोणता प्रश्न, किती वेळ, सगळं छापलेलं. केनियात ‘तुसोमे’ कार्यक्रम २०१५ पासून देशभर चालवला: प्रत्येक मुलाला स्वतःचं पुस्तक, शिक्षकाला दिवसागणिक मार्गदर्शिका आणि टॅबलेट घेऊन वर्गभेटीला येणारे अधिकारी. वाचन सुधारलं. नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशी आधार मिळतो, साखळीत काही गळायची भीती नाही.

मधली सुट्टी

रानवारा, नको हो. ‘आता म्हणा: मुलांनो, पान ६ उघडा’ असं छापलेलं वाचणारा शिक्षक मी पाहिला आहे. एका मुलीने मध्येच फार सुंदर प्रश्न विचारला होता. त्यांनी तो ऐकला, पुस्तिकेत बघितलं, त्यात त्याला जागा नव्हती, आणि पुढची ओळ वाचली. त्या मुलीने त्या तासाला पुन्हा हात वर केला नाही. शिक्षकाची अक्कल काढून घेऊन शिक्षण सुधारत नाही.

वर्गमूळ

दोघांचंही थोडं बरोबर आहे. विकसनशील देशांतल्या अनेक प्रकल्पांमधल्या मार्गदर्शिका शेजारी ठेवून २०१८ मध्ये तुलना झाली. मार्गदर्शिका असलेल्या ठिकाणी मुलं पुढे होती, पण शब्दन् शब्द लिहून दिलेल्या मार्गदर्शिकांपेक्षा मोजक्या, मोकळ्या मार्गदर्शिका जास्त उपयोगी ठरल्या. आणि शिक्षक त्या वापरताना आपल्या वर्गाप्रमाणे बदलत होते.

खडू

‘वर्गमूळ’ हे नाव शोभतं तुम्हाला, प्रत्येक वर्गाच्या मुळाशी जाता.

दीपस्तंभ

मूळ दुखणं पगार आहे. पोटात भूक असलेल्या शिक्षकाला कितीही प्रशिक्षण द्या.

सायंतारा

दीपस्तंभ, पगार नीट हवाच, माणूस म्हणून त्याचा तो हक्क आहे. पण तेवढ्याने शिकवणं बदलत नाही. इंडोनेशियाने २००५ च्या कायद्याने प्रमाणित शिक्षकांचा मूळ पगार जवळजवळ दुप्पट केला. शिक्षक समाधानी झाले, जोडधंदे कमी झाले, पैशाची ओढाताण कमी झाली. मुलांच्या शिकण्यात मात्र चाचणीत फरक दिसला नाही.

दीपस्तंभ

हे माहीत नव्हतं. पण ओढाताण कमी झाली यालाही मी यशच म्हणेन.

सायंतारा

मान्य.

जुनी वाट

भाषेचा विषय कुणीच काढला नाही. रुवांडाने २००८ मध्ये शिक्षणाचं माध्यम इंग्रजी करायचं ठरवलं आणि पुढच्याच वर्षी अंमल सुरू केला. त्याआधी बरेच शिक्षक फ्रेंचमधून शिकवत होते. ज्या भाषेत आपण स्वतः चाचपडतो तिच्यात मुलाला ‘का?’ कसं विचारणार? मग उरतं ते एका सुरात म्हणून घेणं. धोरण एका निर्णयात बदलतं, शिक्षकाची जीभ बदलायला वर्षं लागतात. विषयांतर झालं, पण राहवलं नाही.

रानवारा

विषयांतर नाहीच ते. बरं, एक व्यावहारिक शंका. दुर्गम शाळांत मार्गदर्शक पोचणार कसा? फोनवर, व्हिडिओवर नाही का भागणार?

वर्गमूळ

दक्षिण आफ्रिकेतच हेही करून पाहिलं, म्पुमालांगा प्रांतात, इंग्रजी शिकवण्यासाठी. प्रत्यक्ष येणारा मार्गदर्शक आणि टॅबलेटवरून बोलणारा मार्गदर्शक. तीन वर्षांनी प्रत्यक्षवाल्या गटात इंग्रजी बोलणं आणि वाचणं दोन्ही सुधारलं. दुरून बोलणाऱ्या गटात बोलणं थोडं सुधारलं, वाचन नाही, आणि घरच्या भाषेतलं वाचन-लेखन मागे पडलं. ब्राझीलच्या सेआरा राज्यात मात्र व्हिडिओ कॉलवरून मार्गदर्शनाचा फायदा दिसला. पण तिथे दुरून मार्गदर्शन मिळालं ते शाळेतच असलेल्या शैक्षणिक समन्वयकांना, आणि वर्गात जाऊन बसत होते ते. वर्गात बसणारं माणूस तिथेही होतंच.

उंबरठा

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. म्हणजे माणूस बाहेरूनच यायला हवा असं नाही. शेजारच्या वर्गातलाही चालेल. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघत बसतात आणि नंतर त्या पाठावर बोलतात. जपानच्या मदतीने झांबियाच्या मध्य प्रांतात २००५ पासून हीच रीत सुरू झाली. त्यातला बारकावा लक्षात घ्या: बघणाऱ्यांनी बघायचं ते मुलांकडे, शिक्षकाकडे नव्हे. नंतरच्या बोलण्यात ‘तुम्ही चुकलात’ येत नाही, ‘खिडकीजवळचा मुलगा दुसऱ्या पायरीला अडला’ असं येतं.

पाटीवरची रेघ

दोन दिवस लिहिलं नाही, कारण वाचतच होते. सगळ्यांची ऋणी आहे.

माझा आराखडा आता असा वळतो आहे. सभागृहाचे ५ दिवस सलग घ्यायचे नाहीत. दोनच घ्यायचे, आणि त्यात भाषण कमी. अर्धविराम सरांचं ऐकून एक अख्खं सत्र फक्त वजाबाकी आणि अपूर्णांकांच्या अर्थावर, शिक्षकांनीच उदाहरणं तयार करायची, शिकवायच्या पद्धतीबद्दल एक शब्दही त्या सत्रात नाही. दुसऱ्या दिवशी जवळच्या शाळेतली खरी मुलं, त्यांना शिक्षकांनीच शिकवायचं, आधी आम्ही प्रशिक्षकांनी सगळ्यांसमोर शिकवायचं. चुकलो तर त्यांच्या देखत चुकू. उरलेले तीन दिवस सत्रभर पसरून वर्गभेटींना. ९० शिक्षकांना आम्ही सहा जण पुरे पडणार नाही हे मला दिसतंय, म्हणून शेजारच्या दोन शाळांच्या जोड्या लावायचा विचार आहे. बहुवर्ग शिक्षकांचा गट वेगळा ठेवणार, नवखीसाठी. आणि प्रत्येक खोलीत पाट्या.

उंबरठा काका, तुमची अट लिहून ठेवली आहे: भेटीला जाणाऱ्याने शेरा लिहायचा नाही.

अर्धविराम

अपूर्णांकांच्या सत्राला मी येतो. आणि माझं मत थोडं हललं आहे हेही नोंदवतो. पदविकेला लांबवण्यापेक्षा तिच्यातली सराव पाठांची नाटकं काढून मुलांसोबतचे खरे महिने घातले, तर तुमचं आणि माझं म्हणणं एकच होतं. माझ्या विद्यार्थ्यांना या वर्षी न वाचत्या मुलांच्या गटावर पाठवायची परवानगी मागतो आहे.

नवखी

मी एक करून पाहिलं, सांगू का?

शाळेच्या कपाटात जुन्या पाट्या होत्या, धुऊन घेतल्या. तिसरीला ५२ – २७ दिलं आणि पाट्या वर धरायला सांगितल्या. १२ पैकी ७ पाट्यांवर ३५. रेघताईंनी लिहिलेलं वाचलं नसतं तर मी ‘चूक, परत करा’ म्हणाले असते. या वेळी एका मुलाच्या शेजारी बसले आणि विचारलं, ‘कसं काढलंस, मला सांग ना.’ तो म्हणाला, ‘सातातून दोन.’ मी म्हटलं, ‘दोनातून सात का नाही?’ तर म्हणतो, ‘मोठ्यातूनच लहान जातं ना बाई, तुम्हीच सांगितलंत.’

खरंच आहे. मागच्या वर्षी, तो दुसरीत असताना, ते वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं. सोपं जावं म्हणून. मग काड्यांचे गठ्ठे काढले, पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. सात सुट्या मागितल्यावर तो बराच वेळ गठ्ठ्यांकडे बघत राहिला आणि स्वतःच म्हणाला, ‘एक सोडू का?’ पण बाकीच्या सहा जणांना तसं करेपर्यंत घंटा झाली, आणि दुसरी तोवर नुसती बसून होती. पुढे कसं न्यायचं कळत नाहीये. कुणीतरी एकदा येऊन माझा वर्ग बघाल का? मी घाबरेन, पण याल का?

पाटीवरची रेघ

नवखी, शाळेचा पत्ता खाजगी निरोपात पाठवा. मी येते, वही न घेता.